भिंतीवरची खूण पुसू नका: सांगलीतल्या घरमालकांना एका वायरमनचं खुलं पत्र

सांगली आणि सांगलीवाडीतल्या घरमालकांना, फ्लॅट विकणाऱ्यांना आणि खोल्या भाड्यानं देणाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी मी येऊन गेलोय. चेहरा आठवणार नाही. वायरमन कायम स्टुलावर उभा, घरच्यांना त्याची पाठच दिसते. मला मात्र तुमच्या भिंती आठवतात. कुणाचं मीटर जिन्याखाली आहे, कुणाचा मेन स्विच देव्हाऱ्यामागं दडलाय, कुणाचा फ्रिज दहा वर्षं एक्स्टेंशन बोर्डावर चाललाय, हे मला झोपेतून उठवून विचारा. अडतीस वर्षं हेच काम केलं. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत, म्हणून बसून लिहितोय. लिहायची सवय नाही, तेव्हा मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

सांगलीत हवामान बदललं की नाही, यावर बोलायचा मला काय अधिकार, असं कुणी म्हणेल. शिक्षण आयटीआयचं. पण टीव्हीवर हा शब्द ऐकायच्या आधीपासून मी त्याची भोकं पाडतोय. मी काम सुरू केलं तेव्हा बोर्ड लावायची उंची ठरलेली होती, जमिनीपासून साडेचार फूट. उभ्या माणसाचा हात सहज जातो आणि लहान पोराचा जात नाही. प्लग खाली, जमिनीपासून फूटभर. २००५ च्या पुरानंतर नदीकडच्या कॉलन्यांतले लोक म्हणायला लागले, "प्लग वर घ्या ओ." घेतले. बोर्डाच्या शेजारी नेऊन बसवले. २०१९ नंतर म्हणाले, "बोर्डच वर घ्या." साडेसहा फुटांवर नेले. कोल्हापूर रोडकडच्या एका घरात आजींचा हात पोचेना, त्या लाटण्याच्या टोकानं लाइट लावायच्या. २०२१ नंतर काही जणांनी मेन स्विच आणि मीटर थेट जिन्याच्या वरच्या वळणावर नेऊन ठेवलं. अशा घरात भिंतीचा रंग खरवडला तर भोकांच्या तीन ओळी सापडतील. साडेचार फुटांची पहिली, साडेसहाची दुसरी, त्याच्या वरची तिसरी. लाकडी गुल्ल्या, प्लॅस्टिकच्या गुल्ल्या, मग पुट्टी. पहिल्या दोन पुरांमध्ये चौदा वर्षं होती. नंतरच्या दोहोंमध्ये दोन.

बाहेरगावच्या माणसाला वाटतं, पूर आला की सांगलीकर नदीकडं बघतो. आपण बघतो आयर्विन पुलाकडं. पावसाळ्यात सकाळी दूधवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत एकच प्रश्न, "आयर्विनला किती?" दुसरा प्रश्न, "कोयनेतून किती सोडलंय?" पुलाला १९२९ साली लॉर्ड आयर्विनचं नाव दिलं. त्या व्हाइसरॉयचं पुढं काय झालं हे आपल्यात कुणाला माहीत नाही, पण त्याचं नाव आपण नदीच्या फुटांना लावून टाकलं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २००५ ला ५३ ओलांडून गेलं, २०१९ ला ५७ च्याही वर, २०२१ ला पुन्हा ५५ च्या आसपास. हे आकडे आपल्याला पोरांच्या जन्मतारखांसारखे पाठ आहेत.

पण आयर्विनचा आकडा हा आयर्विनचा. तुमच्या उंबऱ्याचा आकडा वेगळा. आयर्विनला चाळीसच्या आसपास झालं की सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इकडच्या बायका गॅसच्या टाक्या वर चढवायला लागतात. विश्रामबागेतला माणूस त्याच वेळी पुलावर गाडी लावून फोटो काढत असतो. आमच्या बोळात हिशेब असा की पन्नास झालं की गटार उलटं वाहतं आणि बावन्नला पहिली पायरी जाते. हे कुठल्या नकाशात नाही. शेजारच्या काकूंना माहीत, कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याला माहीत. आणि पाणी समोरून येत नाही, हेही. नवीन माणूस नदीच्या बाजूला तोंड करून उभा असतो आणि पाणी नाल्यातून मागं फिरून न्हाणीघराच्या जाळीतून वर येतं. आवाज बाटली भरताना होतो तसा. एकदा ऐकलेला माणूस तो विसरत नाही.

२०१९ चा ऑगस्ट. मी चार दिवस वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या खोलीत होतो, आम्ही तेरा माणसं. रात्री अंधारात पाण्याचा एक वास येतो, डिझेल, शेण आणि ओल्या धान्याचा मिळून. हरभट रोड, मारुती चौक, टिळक चौक, जिथं दिवाळीत चालायला जागा नसते, तिथून बोटी जात होत्या. ब्रह्मनाळची बोट उलटल्याची बातमी त्याच दिवसांत आली, १७ माणसं गेली. त्यानंतर आमच्या इथं म्हाताऱ्या बायका बोटीत बसायला तयार होईनात. राजवाड्याजवळच्या नगर वाचनालयात हजारो पुस्तकं भिजून लगदा झाली. ते मला दुकानांच्या नुकसानीपेक्षा जास्त लागलं. का, ते सांगता येणार नाही. मी काही मोठा वाचणारा नव्हे.

पाणी उतरल्यावर माझं काम सुरू झालं. महिना दीड महिना दिवसाला सहा-सात घरं. एक गोष्ट सगळ्यांना सांगून सांगून तोंड दुखलं, इथंही सांगतो. पाण्यात बुडालेली वायर वाळली म्हणजे बरी झाली, असं नसतं. भिंतीतल्या पाइपच्या खालच्या वळणात पाणी आठवडेच्या आठवडे साठून राहतं. जोडाला हिरवा गंज चढतो. मेगर, म्हणजे वायरमधून करंट गळतोय का ते दाखवणारं मीटर, लावून बघितल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. आणि पाणी घरात शिरायला लागलं की लोक मेन बंद करतात आणि इन्व्हर्टर विसरतात. वीज गेली असं वाटतं, पण त्या बॅटरीवर घर जिवंत असतं, पायाखाली पाणी आणि भिंतीत करंट. आधी इन्व्हर्टर बंद करा, मग मेन.

तर त्या महिन्यात प्रत्येक भिंतीवर एक रेघ होती. तपकिरी, सरळ, पट्टी धरून ओढल्यासारखी. खाली गाळाचा रंग, वर तुमचा आवडता रंग. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा तुम्ही सगळ्यांनी ती रेघ बोटानं दाखवली, "बघा साहेब, इथवर आलं होतं." चांगलं केलंत. शहरात घराला पंधरा हजार तातडीचे मिळाले, कुणाला लवकर, कुणाला फेऱ्या मारून. त्यासाठी ती रेघ साक्षीदार होती. दिवाळीच्या आत साक्षीदारावर प्रायमर फिरला. तेही समजतो, कुणाला रोज ते तोंड बघायचंय? पण दोन-तीन वर्षांनी घर विकायला काढलं तेव्हा तीच रेघ कधी नव्हतीच, असं तुम्ही बोलायला लागलात. "इथं पाणी येत नाही." "अगदी रस्त्यापर्यंत येतंय, आत नाही." "एकदा आलं होतं, ते सगळीकडंच आलं होतं." ही तिन्ही वाक्यं मी शिडीवरून ऐकली आहेत. गिऱ्हाईक खाली उभं असायचं आणि मी वर स्क्रू पिळत गप्प.

गप्प बसण्यापर्यंतच असतं तर हे पत्र लिहिलं नसतं. २०२३ च्या हिवाळ्यात एका मालकांनी मला बोलावलं. नाव सांगणार नाही, कॉलनीही नाही, इतकंच की ते घर कोल्हापूर रोडच्या बाजूला आहे आणि तिथले बोर्ड २०१९ नंतर मीच वर नेले होते. २०२१ ला पाणी खिडकीला लागलं, बोर्ड वाचले. मालक खूश झाले होते, पेढे दिले होते. आता म्हणाले, "बोर्ड खाली घ्या. पहिल्यासारखे, साडेचारला. इतक्या वर बोर्ड दिसला की गिऱ्हाईक विचारतंय, वर का म्हणून." मी म्हणालो, "मग सांगा की." ते हसले. मी तीन दिवसांत बोर्ड खाली घेतले. छिन्नीनं भिंत फोडली, पाइप उतरवला, वरची भोकं बुजवली. रंगाऱ्यानं दोन हात मारले. घर असं दिसायला लागलं की कृष्णा नावाची नदी जगात कुठं नाहीच. मजुरी चोख मिळाली.

घर घेतलं ते जत तालुक्यातलं कुटुंब. मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत, बायको, दोन पोरं आणि त्याची आई. पंख्याची दोन कामं राहिली होती म्हणून पुन्हा गेलो, तर आजी अंगणात घागरी मांडून बसलेल्या. नळाला पाणी चोवीस तास नसलं तरी त्यांच्या गावाच्या मानानं बरं येतं, पण त्यांना विश्वास बसेना, भांडी भरतच होत्या. म्हणाल्या, "लेकरा, आमच्यात टँकरमागं पळायचं. हितं नदीच दारात हाय. नशीब काढलं पोरानं." मी चहा घेतला आणि निघालो. जाताना वाटेत आठवलं, एप्रिल २०१६ मध्ये याच कृष्णेचं पाणी मिरजेहून रेल्वेनं लातूरला गेलं होतं, आम्ही स्टेशनवर बघायला गेलो होतो, छाती फुगली होती. त्यानंतर तीन वर्षांनी त्याच नदीनं आम्हाला छपरावर बसवलं. एका जिल्ह्यात टँकर आणि बोट दोन्ही लागतात, आणि त्या आजींनी त्यातलं एकच बघितलेलं.

जुलै २०२४ मध्ये कोयनेच्या बाजूला पाऊस लागला, आयर्विन चाळिशीकडं सरकायला लागलं. रात्री साडेअकराला त्या मुलाचा फोन. "दादा, झोपला नाही ना? टीव्हीवर आयर्विन आयर्विन चाललंय. आयर्विनला चाळीस म्हणजे आम्हाला किती?"

मला उत्तर माहीत होतं. त्याच्या घराचं इंचात माहीत होतं. मी काय म्हणालो? "चाळीसला काही नाही, झोपा निवांत. सामान तेवढं वर ठेवा." तो म्हणाला, "वर म्हणजे किती वर?" मी म्हणालो, "बघू उद्या." पाणी त्या वर्षी त्यांच्या घराकडं फिरकलं नाही. पण "वर म्हणजे किती वर" हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. जे भिंत त्याला फुकट सांगणार होती, ते मी मजुरी घेऊन पुसलं होतं.

यात कर्नाटकातलं अलमट्टी धरण कुठं आलं, असं कुणीतरी विचारेलच. आपला पूर अलमट्टीच्या तुंबलेल्या पाण्यामुळं येतो का, यावर आपल्याकडं चहाच्या गाड्यावर रोज खटला चालतो. धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ करायची की नाही, हा दोन राज्यांचा वाद आहे, पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीपासून अनेकांनी त्यावर कागद केलेत, माझ्या शिडीची उंची तिथवर पोचत नाही. माझी पुतणी सिव्हिल शिकते, तिनं मला जे समजावलं ते मात्र मला लगेच कळलं, कारण ते माझ्या धंद्यातलं निघालं. हवा एक अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त वाफ धरून ठेवते. अरबी समुद्र तापतोय, वाफ जास्त, आणि ती घाटावर आली की हप्त्यानं न पडता एकदम कोसळते. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अशा व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला. आपल्या सांगली शहरात अख्ख्या वर्षात जवळपास तेवढाच पडतो. आपल्याकडं रिमझिम होती आणि आपण बुडालो, ते यामुळं. पाऊस त्यांचा, पूर आपला. कोयना १०५ टीएमसीची, वारणेवरचं चांदोली ३४ ची, दोन्ही भरत आली की दरवाजे उचलावेच लागतात, आणि ती दोन्ही पाणी हरिपूरच्या संगमावर एकमेकांना भेटतात, म्हणजे आपल्या अंगणात.

माझ्या भाषेत सांगायचं तर लोड वाढला. आणि लोड वाढत असताना आपण वायर बारीक केली. नाले बुजवले, पुराचं पाणी जिथं पसरतं त्या ओतात प्लॉट पाडले, काळ्या मातीच्या सखल जागेत भराव टाकून स्कीम उभ्या केल्या. एसीला चार एमएमची वायर लागते तिथं दीडची टाकली तर काय होतं, हे तुम्हाला घरात कळतं, गावात कळत नाही.

पूररेषेच्या नकाशात निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात. निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदाच्या पुराची. मला वाटायचं, एकदा येऊन गेला की आता पंचवीस वर्षं सुट्टी. तुमच्यातले पण असंच सांगतात गिऱ्हाइकाला, "येऊन गेला ना, आता आपल्या हयातीत नाही." पुतणीनं वहीवर गणित करून दाखवलं. पंचवीस वर्षांत एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात चार शक्यता, आणि ती दर वर्षी नव्यानं. वीस वर्षांचं गृहकर्ज काढून निळ्या रेषेवर घर घेतलं, तर हप्ते फिटायच्या आत एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, छप्पन टक्के. हे झालं जुन्या पावसाच्या हिशेबानं. बँक घेणाऱ्याचा पगार बघते, जामीनदाराचं नाव बघते, सही जुळवते. ही छप्पन टक्के त्याला कोण दाखवणार? रेघ दाखवत होती.

जुन्या माणसांना नकाशा नव्हता, पण ते लपवत नव्हते. गावभागातले जुने वाडे बघा. जोतं कमरेइतकं, दाराला सहा-सात पायऱ्या, धान्य माळ्यावर. ती उंची म्हणजे पणजोबांनी लिहून ठेवलेली सूचना होती. आता तिथंच पायऱ्या काढून पार्किंग केलं, कारण गाडी आत यायला हवी. हरिपूरच्या पेवांचंही तसंच. जमिनीत खोल खड्डे, त्यात हळद वर्षानुवर्षं कोरडी राहायची, कीड लागायची नाही. पिढ्यान् पिढ्यांचा भरवसा होता की इथं खाली पाणी येत नाही. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं पाण्यानं भरली. पण पेववाल्यांनी ते झाकलं नाही. हळद गोदामात हलवली आणि विचारेल त्याला सांगितलं की काय झालं.

उन्हाळ्याचंही दोन शब्द, कारण भाड्यानं देणारे सुटू नयेत. पाण्याची रेघ तरी उठते, उन्हाची उठत नाही. वरच्या मजल्याची, पत्र्याच्या शेडखालची खोली तुम्ही फेब्रुवारीत दाखवता, तेव्हा ती छान हवेशीर असते. मी तिथं मे महिन्यात काम केलंय. सकाळी साडेसहाला शिडी लावायची आणि नऊला उतरायचं, त्यानंतर पक्कड हातात धरवत नाही. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत खोलीत ओकत राहतो. पूर्वी मे महिन्यात माझ्याकडं पंख्याचे कंडेन्सर बदलायची कामं असायची. आता जळालेल्या न्यूट्रलची असतात, तीही रात्री अकरा-बाराची, कारण इमारत बांधली तेव्हा घराला दोन पंखे आणि एक मिक्सर धरला होता आणि आता तिथं तीन एसी आहेत. काळा पडलेला सॉकेट दिसला की समजायचं, या खोलीत माणसं कशी झोपतात. भर उन्हात स्टेशनकडून आमराईत शिरलं की अंगावरनं कुणी ओला पंचा फिरवल्यासारखं वाटतं, तेवढ्यासाठी मी वाट वाकडी करतो. तुमच्या दारातलं झाड तारांना लागतं म्हणून मीच किती वेळा तोडायला सांगितलं असेल. ते शब्द आता परत घ्यावेसे वाटतात. फांदी छाटून काम झालं असतं.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. घर म्हणजे आयुष्याची एकच कमाई. मुलीचं लग्न, आईचं ऑपरेशन, म्हणून विकायला काढलेलं. पाणी येतं म्हणून सांगितलं तर चार-पाच लाख खाली येतात, कधी गिऱ्हाईकच पळतं. शेजारी सांगत नाही तर मीच का हरिश्चंद्र व्हायचं? याला माझ्याकडं पक्कं उत्तर नाही. सगळ्यांनी एकदम सांगितलं तर कुणाचंच एकट्याचं नुकसान होत नाही, एवढं कळतं. म्हणूनच हे पत्र एका मालकाला न लिहिता सगळ्यांना लिहिलंय. आणि सांगितल्यानं सगळे पळतात हेही खरं नाही. सांगलीवाडीत एक जण खोल्या भाड्यानं देतो. जिन्यात त्यानं ऑइलपेंटनं तीन खुणा केल्यात, प्रत्येकीपुढं साल, आणि खाली एक ओळ, "आयर्विन ४७, पहिली पायरी." भाडेकरूला पहिल्याच दिवशी उभं करून दाखवतो. सामान कुठल्या खोलीत न्यायचं, गाडी कुणाच्या दारात लावायची, हे ठरलेलं. त्याची एक खोली रिकामी नसते. भाडं थोडं कमी आहे, हे खरं.

आयर्विनवरची फूटपट्टी उद्या कुणी चुन्यानं पुसली तर गावात मोर्चा निघेल. दुसऱ्या दिवशी पेपरला फोटो. घरातल्या पट्टीवर मात्र आपण आनंदानं रॉयल शाइन मारतो.

तेव्हा माझं मागणं एवढंच. जिन्यात, मीटरच्या पेटीशेजारी, बाहेरच्या खांबावर, जिथं जमेल तिथं बोटभर रुंदीची खूण करा. साल लिहा आणि त्या दिवशी आयर्विनला किती होतं ते लिहा. आज ते सांगणारी माणसं आहेत. अजून दहा वर्षांनी सांगणारी माणसं राहणार नाहीत, आमच्या बोळातल्या काकू आत्ताच ब्याऐंशीच्या आहेत. विकताना, भाड्यानं देताना करारात एक ओळ घाला, कुठल्या साली किती फूट. सोसायटीच्या अध्यक्षांनी मनावर घेतलं तर एका सभेत हा ठराव होतो, पार्किंगवरच्या भांडणाला लागतो त्याच्या निम्म्या वेळात. रंग करताना रंगाऱ्याला सांगा, एवढी जागा सोड. ज्यांना उंची आठवत नाही त्यांनी मला बोलवा. टेप आणि खडू घेऊन येतो. बहुतेक घरांत भोकांवरून सांगू शकेन, पैसे नकोत. बसायला खुर्ची द्या म्हणजे झालं.

मृगाच्या आधीच्या रविवारी मी त्या जतच्या कुटुंबाकडं जाणार आहे. फोन केला. "या की दादा, चहा पिऊ," म्हणाला. काय सांगायला येतोय ते फोनवर बोललो नाही. अडीच एमएमचं एक बंडल, गुल्ल्या आणि नवे बोर्ड आणून ठेवलेत. बोर्ड पुन्हा साडेसहाला जातील, आणि आजींच्या हाताला येईल असा एक दोरीचा स्विच खाटेजवळ सोडीन, पाण्याच्या वेळी वरूनच तोडता येईल असा. खिडकीजवळ २०२१ ची खूण करणार आहे. भिंत फोडायला पोरगं आणतोय, माझ्यानं आता छिन्नी होत नाही.

ज्या मालकांनी ते घर विकलं, ते हे वाचत असतील तर सकाळी नऊला या. शिडी धरायला एक माणूस लागतो.

आपला,
एक वायरमन
सांगली